बांगड्यांवरचा रुमाल

आई,

आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुझा फोटो लागणार आहे. हे कळलं तेव्हा आनंद होण्याआधी माझ्या मनात आलं, यांना आत्ताच कशी तुझी आठवण झाली? तू जाऊन इतकी वर्षं झाली. हळदीकुंकवाला तू ज्या खुर्चीवर बसायचीस ती खुर्चीसुद्धा मोडीत गेली, आणि आता हे. मंडळाचा नवा सेक्रेटरी तरुण आहे, गोड बोलतो, वाकून नमस्कार करतो, त्यामुळे मला त्याचा जास्तच संशय आला. तू हसशील. दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघणारी मी, आणि ‘अगं, त्याला जाऊ तर दे’ म्हणणारी तू. पण या वेळी डाव काही नव्हता. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या जुन्या कलावंतांचे फोटो एका भिंतीवर लावायचे आणि प्रत्येकाखाली चार ओळी लिहायच्या, एवढंच होतं. तुझ्या चार ओळी मी लिहून द्यायच्या होत्या.

परवा त्याचा पुन्हा फोन आला. “काकू, फक्त एक गोष्ट कन्फर्म करून टाका. सिंगर लिहायचं की नुसतं ॲक्ट्रेस?” मी म्हटलं, म्हणजे काय? तर म्हणतो, “पुण्याला एक जण आहेत, जुन्या रेकॉर्डी जमा करतात. ते म्हणाले की आईंच्या त्या गाण्यात आवाज दुसऱ्याच कोणाचा आहे. एका जुन्या मासिकात तसं छापलेलं आहे. आणि काकू, त्यात असं लिहिलंय की ही गोष्ट घरच्यांनीच सांगितली. आता घरचेच म्हणतात तर मग…” “घरचे म्हणजे कोण?” मी विचारलं. “नाव नाही दिलंय. तुम्हाला काही अंदाज?” मी म्हटलं, आता कोण राहिलंय सांगायला, आणि फोन ठेवला. घरचे म्हणजे कोण ते मला पक्कं ठाऊक आहे. तुला ते ठाऊक होतं की नाही, यावर मात्र मी पन्नास वर्षं स्वतःशीच वाद घालत आले आहे.

तुझं सिनेमातलं आयुष्य मला तू कधी सलग सांगितलं नाहीस. तांदूळ निवडताना खडे बाजूला काढावेत तसं तू ते अधूनमधून एकेक काढून ठेवायचीस. त्यातून मी जुळवलं ते असं. लढाईचे दिवस होते. तू अठरा वर्षांची होतीस आणि घरी शिकवायला येणाऱ्या बुवांकडून आठ वर्षं गाणं शिकली होतीस. तुझे मामा पुण्याला एका फिल्म कंपनीत पेटी वाजवायचे. कंपनी प्रत्येक चित्र मराठीत आणि हिंदीत असं दोनदा काढायची, आणि पुण्याच्या मुलींच्या हिंदीला सेटवरचे लोक हसायचे. मामांनी कळवलं, आमची भाची ग्वाल्हेरची आहे, हिंदी तिच्या तोंडात बसलेली आहे. अशी तू गेलीस. पहिल्या चित्रात नायिकेची मैत्रीण, दुसऱ्यात बहीण, तिसऱ्यात स्वतः नायिका, आणि तिसऱ्यात ते गाणं. मधल्या काळात कंपनी तुला जखमी शिपायांच्या इस्पितळात न्यायची, आघाडीवर निघालेल्या पलटणींपुढे उभी करायची. ते शिपाई नंतर पत्रं पाठवायचे, पण ती तुझ्या नावाने नसायची, चित्रातल्या मुलीच्या नावाने असायची. रेकॉर्डवरसुद्धा तेच नाव छापलेलं होतं, तुझं नव्हतं. तेव्हा तसाच रिवाज होता, असं तू म्हणायचीस. लढाई संपली, कंपनी बसली, आणि तू नया बाजारातल्या आमच्या घरात सून म्हणून आलीस.

आजीने लग्नाआधीच अट घातली होती की घरात गाणं चालेल, सिनेमातलं गाणं चालणार नाही. आजी वाईट नव्हती, हे तूच मला कितीदा बजावलंस. सकाळी देवघराशेजारी बसून तू मला यमन शिकवायचीस तेव्हा ती माळ हातात घेऊन डोळे मिटून ऐकायची, आणि माझा सूर लागला नाही तर तुझ्याआधी तिचे डोळे उघडायचे. पण ट्रंकेत साड्यांच्या खाली ठेवलेली तुझी ती एकुलती एक रेकॉर्ड आमच्या घरात कधी वाजली नाही. वाजवायला यंत्रही नव्हतं.

रेडिओ मात्र होता. मी आठ-नऊ वर्षांची असेन. सकाळी साडेसातला जुन्या गाण्यांचा कार्यक्रम लागतो, बाबा कचेरीत जाण्याआधी दाढी करत ऐकतात, आणि महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी तुझं गाणं लागतं. निवेदक चित्राचं नाव सांगतो आणि म्हणतो की रेकॉर्डवर गायिकेचं नाव नाही, फक्त पात्राचं आहे. तू चुलीपाशी बसलेली आहेस. पहिले सूर ऐकू येतात तशी तू तवा खाली उतरवतेस, हात पुसायचं फडकं उचलतेस आणि उजव्या मनगटाभोवती, बांगड्यांवरून, दोन वेढे देऊन गुंडाळतेस. मग तो हात मांडीवर ठेवून हलकेच ठेका धरतेस आणि ओठ हलवतेस. आवाज नाही. एकही शब्द चुकत नाही, श्वासही गाण्यातल्या बाईबरोबर घेतेस, पण घशातून काहीच येत नाही. दुसऱ्या कडव्यात एका जागी तू डाव्या हाताने ते उजवं मनगट घट्ट पकडतेस, डोळे मिटतेस, आणि चिंचेचं बुटुक दाताखाली आल्यासारखा चेहरा करतेस. दर वेळी, त्याच जागी. गाणं संपलं की फडकं सोडतेस, तवा चढवतेस, आणि मला म्हणतेस, “बघतेस काय, पाट मांड.”

त्याच सुमारास दाल बाजारातली माझी एक मैत्रीण मला शाळेत म्हणाली, “तुला माहीत नाही? पिक्चरमध्ये हिरोइन गातच नाही. पीछे से कोई और गाता है, ती नुसती ओठ हलवते.” झालं. मी त्या दिवशी घरी आले ती सगळा उलगडा झाल्याच्या तोऱ्यात. तू आवाज न काढता इतके बेमालूम ओठ कसे हलवतेस, हे मला समजलं होतं. तुला तेच काम होतं! चित्र तर कुठे बघायला मिळणार नव्हतं, त्याच्या प्रती कधीच नाहीशा झालेल्या. पण मनगट पकडून डोळे मिटण्याचा तो अभिनय नायिकेने पडद्यावर केला असणार आणि तू तो अजून जपून ठेवला आहेस, असं मी ठरवून टाकलं. आजीच्या अटीमुळे तू गप्प राहत असशील, हे मला सुचलंच नाही. संशयी माणसाला एकदा कारण सापडलं की तो दुसरं शोधत नाही. मला आठव्या वर्षी सापडलं आणि मी ते सांभाळलं.

त्यात तुझ्या आवाजाने भर घातली. रेडिओतला आवाज पातळ, कोवळा, वर सहज जाणारा. तू मला शिकवायचीस तो आवाज रुंद होता, थोडा घोगरा, खालच्या सुरांत छान बसणारा. मध्ये वीस वर्षं आणि तीन बाळंतपणं गेली होती, पण मुलीला आपल्या आईचं आधीचं वय खरं वाटत नाही. मी दोन्ही आवाज मनात शेजारी ठेवून बघायची आणि मान हलवायची. कोणाला बोलले नाही. पण तू ताल चुकल्यावर माझ्या गुडघ्यावर चापट मारलीस की मनात म्हणायची, मला काय शिकवतेस, मला सगळं ठाऊक आहे.

आणखी एक दिवस. मी नववीत होते, शाळेच्या स्नेहसंमेलनात भजन म्हणायचं होतं, आणि पहिल्यांदाच माइक येणार होता. निघताना तू मला दारात थांबवलंस. माझ्या हातात नव्या काचेच्या बांगड्या होत्या. तू तुझा पांढरा हातरुमाल काढलास आणि माझ्या उजव्या मनगटाभोवती बांगड्यांवरून आवळून बांधलास. “हात भुंडे ठेवायचे नाहीत, आणि बांगडी वाजूही द्यायची नाही. तू ठेका धरल्याशिवाय गाऊ शकत नाहीस. माइक फार चुगलखोर असतो, सगळं पकडून घेतो.” मी म्हटलं, “तुला काय माहीत माइकचं?” कसल्या सुरात म्हटलं ते मला आठवतं. तू एकदम माझ्याकडे बघितलंस. मग गाठ नीट केलीस आणि म्हणालीस, “माहीत आहे थोडं.” पाटणकर बाजाराच्या कोपऱ्यावर पोचताच मी तो रुमाल सोडून दप्तरात कोंबला. मुली हसतील याची मला लाज वाटत होती. भजनात बांगड्या इतक्या वाजल्या की बाईंनी मधेच येऊन माझा हात धरून ठेवला. घरी मी सांगितलं, छान झालं. रुमाल धुवून, घडी करून तू तो मलाच दिलास. “ठेव, लागेल पुढे,” म्हणालीस. कुठे गेला तो, मला आठवत नाही.

आता त्या मासिकवाल्याचं. मी एकोणीस वर्षांची होते, बी.ए.ला, आणि सगळ्या जगाचं पितळ उघडं पाडायला निघाले होते. लढाईच्या काळातल्या नट-नट्यांची माहिती गोळा करत एक गृहस्थ पुण्याहून आले. आजी तेव्हा नव्हती. तू किती दिवसांनी ती निळी साडी नेसली होतीस! त्यांना तू सगळं सांगितलंस. कच्ची फिल्म रेशनवर मिळायची, म्हणून गाणं एकदाच घ्यायचे, चूक झाली तरी तशीच ठेवायचे, आणि त्यावरूनच पुढे रेकॉर्डही निघायची. ते लिहून घेत होते. मग तू चहा-पोहे आणायला आत गेलीस. त्यांनी सहज मला विचारलं, “आई अजून गातात का हो? त्या गाण्याचा आवाज काय सुरेख आहे.” आणि मी म्हणाले, “आवाज आईचा नाहीये. ती नुसते ओठ हलवायची.” त्यांनी पेन थांबवलं, माझ्याकडे बघितलं, आणि लिहून घेतलं. का बोलले? तू त्या दिवशी सुंदर दिसत होतीस, आणि ते गृहस्थ तुझ्याकडे ज्या आदराने बघत होते तो मला फुकटचा वाटला. मला वाटलं, खरं बोलणारं या घरात कोणीतरी हवं. तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

मासिक मामांनी पुण्याहून पाठवलं. तू ते ओट्यापाशी उभी राहून वाचलंस. तुझ्यावर अर्धं पान होतं, फोटो होता, आणि शेवटी एक ओळ होती की चित्रातील गीत अन्य गायिकेच्या आवाजात असल्याचे घरच्यांकडून समजते. तू घडी घातलीस आणि मासिक ट्रंकेत ठेवलंस. मला काही विचारलं नाहीस, बाबांनाही नाही. मला वाटलं, बघा, पकडली गेली म्हणून गप्प आहे. त्यानंतर सकाळी रेडिओवर तुझं गाणं लागलं की तू उठून मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालायला जायचीस. फडकं जागेवरच राहायचं. बाबा एकदा म्हणाले, “अगं, तुझं गाणं लागलंय.” तू अंगणातून म्हणालीस, “राहू द्या हो, कोणाचं आहे कोणास ठाऊक.” त्या उत्तराने माझी खात्रीच पटली. तू गेलीस तेव्हाही माझी खात्री तशीच होती, आणि तरी मी खूप रडले. तुझ्यावर माझं प्रेम नव्हतं असं नाही. विश्वास नव्हता, एवढंच.

तर फोन ठेवल्यावर मी नातीला म्हटलं, हे गाणं कुठे मिळतं का बघ. ती कॉलेजात आहे, अर्धं हिंदीत बोलते, मला नानी म्हणते. तिने त्या सेक्रेटरीला मेसेज केला आणि पाच मिनिटांत पुण्याच्या संग्राहकाने साफ करून ठेवलेलं गाणं तिच्या मोबाईलवर आलं. तिने ते मोठे काळे हेडफोन माझ्या कानांवर बसवले. मी घाबरून म्हटलं, काढ हे. “अगं नानी, एकदा ऐक तर. सब कुछ साफ सुनाई देगा.”

खरंच सगळं ऐकू आलं. आपल्या रेडिओवर खरखरीत बुडून गेलेलं सगळं. पेटीचा भाता ऐकू आला. गाणारीचा श्वास ऐकू आला. आणि श्वासाखाली, गाण्याच्या पायाशी, एक मऊ धप, धप असा आवाज, ठेक्यात. तबल्याचा नव्हता. कापड गुंडाळलेला हात मांडीवर पडल्याचा होता. दुसरं कडवं सुरू झालं, आणि एका जागी, समेवर, दोन काचेच्या बांगड्या एकमेकींवर वाजल्या. अगदी बारीक. मग लगेच काही नाही, धपही नाही. दुसऱ्या हाताने मनगट पकडलं होतं. पुढची ओळ ठेक्याशिवाय, जपून गायलेली आहे.

ती जागा कुठली, हे मला कोणी सांगायला नको होतं. चुलीपाशी त्याच जागी तू मनगट धरायचीस, डोळे मिटायचीस, तोंड वाकडं करायचीस. तो अभिनय नव्हता. रुमाल सुटला होता, आई. तुझी चूक होती ती, आणि फिल्म रेशनवर होती म्हणून ती तशीच राहिली, आणि तू दर वेळी ती पुन्हा सोसायचीस. पडद्यावर नुसते ओठ हलवणारीने बांगड्या कशाला बांधल्या असत्या? कॅमेऱ्याला बांगड्या हव्याच असतात. त्या बांधाव्या लागतात माइकसमोर उभं राहणाऱ्या मुलीला. आणि घरून भुंड्या हाताने जगात जायचं नाही असं बजावून पाठवलेली मुलगीच त्या काढून ठेवण्याऐवजी बांधते.

पण मी मीच. एवढ्याने मानलं नाही. नातीला म्हटलं, पुन्हा लाव. सात वेळा लावायला लावलं. रेकॉर्ड तडकली असेल, त्याचा आवाज असेल, असंही म्हणून बघितलं. “तडकली असती तर हर चक्कर में आता ना, नानी,” ती म्हणाली. बरोबर होतं तिचं. मग ती माझ्याकडे बघून घाबरली आणि विचारू लागली, “क्या हुआ? पाणी देऊ?” मी म्हटलं, काही नाही, तुझी पणजी गाते आहे.

चार ओळी मी लिहून दिल्या. गायिका हा शब्द आधी लिहिला, अभिनेत्री नंतर. सेक्रेटरी म्हणाला, “काकू, पण ते मासिक?” मी म्हटलं, मासिकवाल्याची ऐकण्यात चूक झाली असेल, माणूस नवखा होता. बिचारा कधीच गेला असणार, त्याच्यावर ढकलणं सोपं पडलं. घरच्यांनी सांगितलं होतं आणि घरचे म्हणजे मी, हे माझ्या तोंडून निघालं नाही. हॉलमध्ये तुझा फोटो लागेल, मी पहिल्या रांगेत बसेन, आणि लोक मला नमस्कार करतील. हे पत्र कोणाला दाखवायचं नाही. तुझ्या ट्रंकेत, त्या मासिकातच घालून ठेवीन.

एक गोष्ट मात्र वर मी पुरी लिहिली नाही. त्या गृहस्थांसमोर मी एवढंच बोलून थांबले, असं लिहिलं आहे. मी थांबले नव्हते. ‘ती नुसते ओठ हलवायची’ असं मी म्हटलं, आणि स्वयंपाकघराच्या दाराआड तुझ्या बांगड्या वाजल्या, आणि लगेच थांबल्या, दुसऱ्या हाताने धरल्यासारख्या. मी ते ऐकलं. ऐकलं आणि आवाज थोडा चढवून म्हणाले, “घरात सगळ्यांना ठाऊक आहे.”